लांपोनची खिडकी

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही डायरी २०२३ सालची आहे. निवृत्त झालो त्या दिवशी कचेरीने शाल, नारळ आणि ही डायरी दिली होती. कोरी वाया जाऊ नये म्हणून छापील तारखा हाताने दुरुस्त करून, प्रत्येक दुरुस्तीशेजारी सही करून वापरीत आहे.

लिहायचं कारण असं. आज माझी पत्नी मनकर्णा हिच्या नावाने पार्सल आलं. पाठवणार मैत्री, आमची एकुलती एक मुलगी, मुक्काम हैदराबाद. आत एक काळा डबा, दोन रिमोट आणि ग्रीस देशाच्या जुन्या काळातला व्हिडिओ गेम. हा गेम बनवणाऱ्या कंपनीत मैत्री गोष्टी लिहिते. याच कामासाठी तिने दोन वर्षांपूर्वी कारकुनाची पक्की सरकारी नोकरी सोडली. नोकरी लागून अकरा महिनेच झाले होते. मला राजीनामा दिल्यावर कळलं.

माझे वडील महिपत बेला या आमच्या गावी लोकांच्या शेतांत राबले. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी ते एका खिडकीबाहेर तीन दिवस उन्हात उभे होते. तशाच खिडकीच्या आतल्या बाजूला, सावलीत, मी चौतीस वर्षं बसलो. मुलीला आयती सावली मिळाली, ती तिला नको झाली. तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "न इचारता गेली, आता इचारूनबी येऊ नको." तेव्हापासून ती आली नाही. पोरगी आज्ञाधारक आहे.

आता कंपनी तिला स्वीडनला पाठवते आहे. ९ मार्चला विमान, कमीत कमी तीन वर्षं. मनकर्णा निरोप द्यायला हैदराबादला जाणार आहे. मी जाणार नाही. पुढे घोळ नको म्हणून हे इथे नोंदवून ठेवतो.

मात्र असं काय बघून तिने सरकारी खुर्ची सोडली, याची रीतसर तपासणी व्हायला हवी. ती मी करणार आहे. अहवाल ९ मार्चच्या आत.

९ जानेवारी

मनकर्णाने डबा टीव्हीला जोडला. मैत्री फोनवरून वायरींचे रंग सांगत होती. मी पेपर वाचत होतो. पेपराच्या वरून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं.

गेम म्हणजे एक अख्खा मुलूख आहे. डोंगर, समुद्र, बंदरं, देवळं, बागा. आपण म्हणजे लायसा नावाची भाडोत्री सैनिक बाई. तिला कुठेही नेता येतं, कुणाशीही बोलता येतं, कुणालाही मारता येतं. लोक इंग्रजीत बोलतात आणि खाली इंग्रजी अक्षरं येतात. मी चौतीस वर्षं इंग्रजी टपाल वाचलं आहे, मला अडचण नाही. मनकर्णाला इंग्रजी येत नाही आणि तिला तर काहीच अडचण नाही. तिने तासाभरात एकोणीस माणसं मारली.

भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली हिचा भाला. मी म्हणालो, "फोटोवर रुमाल टाकू का?"

"राहू द्या. त्याईनं अंगुलीमाल पाह्यला हाये," ती म्हणाली आणि विसावा माणूस मारला.

पंचशील घेतलेली बाई आहे. घरात झुरळसुद्धा सुपलीत धरून बाहेर सोडते.

१४ जानेवारी

आज मी स्वतः रिमोट हातात घेतला. तपासणी म्हटली की प्रत्यक्ष पाहणी आलीच.

पहिल्या दिवसाचा तपशील: घोडा रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवला. एका घरात शिरण्याआधी दारात थांबलो, पण आतून कुणी "या" म्हणेना. मनकर्णा म्हणाली, "आवो घुसा, त्याईले काई वाटत नाही." घुसलो. माठ फोडा, पेट्या उघडा, सापडेल ते खिशात घाला, कुणी पावती मागत नाही. मी पेटी उघडली, पाहिली आणि बंद केली. मग समुद्रात पडलो.

मोठमोठे विद्वान चौकात उभे राहून सत्य म्हणजे काय यावर बोलत असतात, आणि त्यांच्या घरचं पाणी गुलाम भरतात. गावाच्या कोटाबाहेर त्या लोकांची वेगळी वस्ती आहे. ती बघायला ग्रीसपर्यंत जायची गरज नव्हती, बेल्याला होती. मनकर्णाने त्या वस्तीतल्या एकालाही भाला लावला नाही, एवढं मान्य करायला हवं.

एकूण शेरा: या मुलखात शिस्त नाही. मैत्रीने असल्या ठिकाणासाठी नोकरी सोडली याचं नवल वाटलं.

२० जानेवारी

आज या गेममध्ये पहिला शहाणा माणूस भेटला.

थेरोना नावाचं एक बेट आहे. तिथून पुढे जायला जहाज लागतं, आणि जहाजावर चढायला बंदराच्या कारकुनाचा शिक्का लागतो. कारकुनाचं नाव लांपोन. म्हातारा आहे, पण टापटिपीचा आहे. दगडी खिडकीत बसतो. चपला काढून टेबलाखाली जोडीने ठेवतो आणि पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर. पाण्याच्या सुरईवर पेला पालथा. शिक्का मारण्याआधी तो फडक्याने तीनदा पुसतो आणि त्यावर दोनदा फुंकर मारतो. असं काम हल्ली बघायला मिळत नाही.

लायसा तलवार लटकवून सरळ पुढे गेली, तर तो मान वर न करता म्हणाला, "रांगेत या." मला इतकं बरं वाटलं की मी मनकर्णाला चहा टाकायला सांगितला.

रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा म्हणाला, "देवळाचा कागद कुठे आहे?" देवळात गेलो. पुजारी म्हणाला, आधी विहिरीच्या राखणदाराची चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणली, कागद आणला, तोवर खिडकी बंद. लांपोन म्हणाला, "उद्या या."

मनकर्णाने कपाळावर हात मारला. "आवो, त्याच्या कंबरेले शिक्का लटकून राह्यला! मांगून जा अन् काढून घ्या. नाहीतं भाला लावा. नेटवर सगळे हेच सांगून राह्यले, दोन मिंटाचं काम हाये."

मी तिला समजावलं की कचेरीत दोन मिनिटांचं काम नसतं. आमच्याकडे नियम होता, कागद बाहेर गेला की डिस्पॅचला, म्हणजे जावक वहीत, नोंदलाच पाहिजे. ज्याची जावक आहे तोच कागद परत आला तर आवकला घेता येतो. नोंद न करता गेलेला कागद कचेरीच्या लेखी हरवलेला असतो. लांपोनला हे कळतं.

ती म्हणाली, "तुमची अन् त्याची सोयरीक जमते."

२४ जानेवारी

रोज साडेदहाला अंघोळ-नाष्टा उरकून लांपोनच्या रांगेत उभा राहतो. त्यांचा एक दिवस म्हणजे आपली चाळीस मिनिटं. मी रोज त्यांचा एक दिवस करतो. कधी कागदावर तारीख नसते, कधी साक्षीदार लागतो, कधी लांपोनचं जेवण चालू असतं. एकदाही तो बेकायदा बोलला नाही.

आज सुधाकरराव आले होते. आम्ही वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. ते जंगलखात्याची मिसल, म्हणजे फायली बघत, मी टपाल. त्यांना लांपोन दाखवला. त्यांनी बराच वेळ टीव्हीकडे पाहिलं. मग माझ्या खुर्चीखाली पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं, आणि त्यांना चहाचा असा ठसका लागला की पाठीवर थोपटावं लागलं.

"काय झालं?"

"काई नाही चंपतराव. तुमच्या पोरीची नजर मोठी बारीक हाये."

मी म्हणालो, ती नजर सरकारी कामात लावली असती तर आज सीनियर असिस्टंट झाली असती. यावर ते पुन्हा हसले. त्यांना आता वयामुळे कशाचंही हसू येतं. शुगरसुद्धा वाढली आहे.

२६ जानेवारी

कॉलनीत झेंडावंदन झालं. परत आलो तर मनकर्णा स्वयंपाकघरात मैत्रीशी फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही. दार उघडं होतं.

"तुहे बाबा? रांगेत हायेत तुह्या त्या म्हाताऱ्याच्या. सहा दिवस झाले. नाही वो, मारत नाहीत. चोरतबी नाहीत. मी म्हनून थकली."

मग पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही असं वाटतं, कारण मनकर्णा दोनदा "हॅलो" म्हणाली. नंतर ती नुसती "व्हय, व्हय बाई" करत होती आणि पदराने डोळे पुसत होती. कांदा चिरत असणार. जेवायला वरण आणि मेथी होती. दोन्हींत कांदा नव्हता, बहुधा उद्यासाठी चिरून ठेवला असेल.

३ फेब्रुवारी

आजची नोंद लाल शाईने करीत आहे.

अंघोळीला गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे एकच मच्छीमार उरला होता. परत आलो तर लांपोन खिडकीत पालथा पडलेला. टेबलाखाली चपला तशाच. लोक ओरडत पळत होते आणि मनकर्णा रिमोट मांडीवर ठेवून बसली होती.

"हे तू केलं?"

"आवो, चौदा दिवस झाले! पोरगी जायाले महिना राह्यला अन् तुमचं त्या बेटावरून जहाज सुटून नाही राह्यलं. म्हनलं, एकदाचं मोकळं करून टाकू."

मी म्हणालो की कामावर असलेल्या सरकारी माणसाला मारलं आहे. तो कुणाचं वाईट करीत नव्हता. नियमाने चालत होता, एवढाच त्याचा गुन्हा. माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, "सेव केलेलं हाये, पैलपासून चालू करा, जिता होते तो." मी जेवणार नाही म्हणून सांगितलं आणि पडवीत जाऊन बसलो.

ती दारात आली. इतकी वर्षं संसार केला, पण हिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. म्हणाली, "टीव्हीतला मानूस मेला तं जेवन सोडलं. पोटची पोरगी दोन वर्सापासून हैदराबादले हाये, तिच्यासाठी एक वक्त तरी सोडलं का? तो म्हातारा बटन दाबलं का उठून बसते. तिचं विमान उडल्यावर कोन्तं बटन दाबसान?"

मुद्दा विषयाला धरून नव्हता.

संध्याकाळी तिने ताट आणून ठेवलं. जेवलो. भाकर गार झाली होती.

४ फेब्रुवारी

पुन्हा रांगेत. दिवस पहिला. लांपोन जिवंत आहे, त्याला काही आठवत नाही. मला त्याच्याशी नजर मिळवायला संकोच वाटला.

१२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

विहारात वंदना करून आलो, मग रांगेत उभा राहिलो. आज जे घडलं ते क्रमाने लिहितो.

नंबर आला. सगळे कागद पुरे होते. लांपोनने ते दोनदा वाचले. मग त्याने पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाला, "तू रोज येतेस. माझा शिक्का तू चोरला नाहीस. का?" पडद्यावर उत्तर द्यायला जागाच नव्हती. खिडकीशेजारी एक दगडी बाक आहे, तिथे 'बस' असं आलं. इतके दिवस तो बाक नुसता बाक होता. मी बसलो.

म्हातारा बोलायला लागला. त्याला एक मुलगी होती. लहान असताना ती रोज दुपारी बंदरावर यायची, आणि तो तिच्या तळहातावर शिक्का मारायचा. आली की एक, घरी निघाली की दुसरा. शाई वाळेपर्यंत मूठ मिटायची नाही, असा त्यांचा नियम होता. मोठी झाल्यावर तिला जहाजाने जायचं होतं. "माझ्याकडे ती चार वेळा आली," लांपोन म्हणाला. "चारही वेळा मी म्हणालो, उद्या या. मग ती शिक्क्याशिवाय गेली. माझ्या वहीत ती गेलेलीच नाही. मग परत आली तर नोंद कुठे करू?"

ग्रीसमध्ये ही पद्धत होती हे मला ठाऊक नव्हतं. कचेऱ्या सगळीकडे सारख्याच असतात, त्यांच्या पद्धतीही सारख्या असणार. मैत्री दुसरी-तिसरीत असताना शाळा सुटली की माझ्या कचेरीत यायची, तेव्हा मीही तिच्या हातावर तारखेचा शिक्का मारत असे. आली की इनवर्ड, तिची आई न्यायला आली की डिस्पॅच. ती हात फाकवून, हवेत धरून घरी जायची. रस्त्यातले लोक विचारायचे, पोरीला लागलं की काय. हा योगायोग म्हणावा लागेल.

राजीनाम्याच्या आधी मैत्री ओळीने काही रविवार घरी आली होती. दर वेळी म्हणाली, "बाबा, थोडं बोलायचं हाये." पेपर वाचायचा राहिला होता. मी म्हणालो होतो, उद्या पाहू. किती रविवार होते ते आता आठवत नाही. चार असतील.

शेवटी लांपोनने विचारलं, "बापानेच कागद अडवून ठेवला असेल, तर बापाने कोणत्या खिडकीवर जावं?" खाली तीन उत्तरं आली. एक, 'आता उशीर झाला.' दोन, 'बंदरावर जा.' तीन, 'गप्प राहा.'

मनकर्णा मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने विचारलं, "काय म्हनते तो?" मी तिला मराठीत सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्यांदा सांगतो, आजही कांदा नव्हता.

मी कोणतंच बटण दाबलं नाही. दुसऱ्याच्या मिसलीवर शेरा मारायचा मला अधिकार नाही.

दुपारी झोप आली नाही म्हणून पत्र्याची ट्रंक आवरली. तळाशी ती वस्तू अजून आहे. चौतीस वर्षांत माझ्या हातून एकच गैर काम झालं, ते इथे कबूल करतो. २०१४ ला आमचा भाग आंध्र प्रदेशातून निघून वेगळं राज्य झालं तेव्हा त्या नावाचे जुने शिक्के मोडीत काढून जाळायचे होते. यादीत सात होते, जळाले सहा. यादीवर सही माझी आहे. सातवा डिस्पॅचचा. मैत्रीच्या हातावर मारायचो तो.

१५ फेब्रुवारी

तीन दिवस टीव्ही तसाच थांबलेला होता. मनकर्णाने बातम्यासुद्धा मागितल्या नाहीत. आज दोन नंबरचं उत्तर दाबलं. तपासणी अर्धवट ठेवणं योग्य नाही, एवढंच कारण.

लांपोन उठला. वाकून टेबलाखालच्या चपला काढल्या आणि पायात घातल्या. मी त्याला इतके दिवस पाहतो आहे, चपला घातलेला पहिल्यांदाच पाहिला. खिडकी बंद केली आणि बंदराच्या वाटेने चालत गेला. वाट लांब आहे. त्याच्या पाठीमागून जाता येत नाही, मी प्रयत्न केला. तो वळणावर दिसेनासा झाला आणि पडद्यावर एक पदक आलं. खाली लिहिलं होतं, हे पदक मिळवणारे खेळाडू: शून्य टक्के.

मनकर्णाने लगेच फोन लावला. मी तिथेच होतो म्हणून ऐकू आलं. मैत्री म्हणाली म्हणे, की हे प्रकरण काढून टाका असं साहेब लोक सांगत होते, कारण एवढा वेळ रांगेत उभं राहणारा माणूस जगात सापडणार नाही. तिने भांडून ठेवून घेतलं. म्हणाली होती, एक जण आहे.

कोण ते मी विचारलं नाही. कंपनीला कचेरीचा एवढा तपशील कुणी पुरवला याची मात्र चौकशी व्हायला हवी. सुधाकररावांवर माझा संशय आहे.

५ मार्च

मनकर्णा आज हैदराबादला गेली, सामान बांधायला मदत म्हणून. जाताना तिने मला चला म्हटलं नाही. दाराशी थांबून नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हणालो, गॅसची टाकी नवी लावली आहे ना? ती म्हणाली, व्हय.

थेरोनाला गेलो. खिडकी बंद आहे, लांपोन परत आलेला नाही. रांगेत मच्छीमार उभे आहेत. त्यांना काय सांगावं कळेना.

७ मार्च

तपासणीचा अहवाल लिहायला बसलो. 'सदर गेम पाहता' इथपर्यंत लिहून झालं.

बाजारात गेलो होतो, निळं शाईपॅड आणलं. जुनं वाळून गेलं होतं. घरात असलेलं बरं.

मनकर्णाला फोन करून कळवलं की रविवारी मला पेन्शनच्या कामासाठी हैदराबादला यावं लागतंय, आणि विमानतळ वाटेतच असेल तर बघतो. ती म्हणाली, "आयतवारी कोन्तं हापिस उघडं राह्यते?" मी म्हणालो, काही असतात. ती म्हणाली, "या, या. सांभाळून या." विमानतळ वाटेत नाही हेही तिने सांगितलं नाही.

१० मार्च

काल सकाळी सहाची बस धरली. खिशात शिक्का, पिशवीत शाईपॅड आणि मैत्रीला आवडतात म्हणून बेल्याची बोरं. इचोड्याला बस चहाला थांबली, मी उतरलो नाही. मला सोडून बस गेली असती तर पुढची कधी मिळाली असती कोण जाणे. चौतीस वर्षांत मी कधी कुठे उशिरा पोचलो नाही. काल सगळा रस्ता तीच धास्ती होती.

विमानतळावर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. दारावर जवान कागद बघून एकेकाला आत सोडत होता. रांग शिस्तीची होती. दाराबाहेर लोखंडी बाकावर मनकर्णा आणि मैत्री बसल्या होत्या. मैत्री वाळली आहे. केस कापले आहेत. तिने आधी मला पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"बाबा, तुमी?"

"पेन्शनचं काम होतं."

"आयतवारी?"

"व्हय."

दोघींच्या मधे जागा होती, तिथे बसलो. बोरं दिली. तिने एक खाल्लं आणि बी हातातच ठेवली. मग मी तपासणीतली एक सूचना तरी द्यावी म्हणून म्हणालो, "तुह्या त्या गेमात एक दोष हाये."

"कोन्ता?"

"तो लांपोन. कामात चोख हाये, मानतो मी. पन सरकारी मानूस, अन् चपला काढून पाय दांडीवर ठेऊन बसते. शोभत नाही ते. बदलून टाक."

"आता नाही बदलता येत बाबा," ती म्हणाली. "साऱ्या जगात गेला तो."

हे ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली नाही. खाली बघत होती. मनकर्णाही खाली बघत होती. मीही पाहिलं. बाकाखाली माझ्या चपला जोडीने ठेवलेल्या होत्या आणि दोन्ही पाय बाकाच्या आडव्या दांडीवर होते.

मी पाय खाली घेतले. मग परत वर ठेवले. साऱ्या जगात गेलेले पाय, आता झाकून काय उपयोग?

"किती आयतवार आलती तू?"

"चार."

"अन् मी काय म्हनलो?"

"उद्या पाहू."

मला फार वाईट वाटलं. हे वाक्य या डायरीत आधीच्या कुठल्या तरी पानावर यायला हवं होतं. तिथे लिहिलं नाही, म्हणून इथे लिहितो. मैत्री, मला फार वाईट वाटलं.

तिच्या आत जायच्या वेळेला मी खिशातून शिक्का काढला. रुमालाने तीनदा पुसला. दोनदा फुंकर मारली तेव्हा मनकर्णाने तोंडाला पदर लावला, हसत होती की काय ते दिसलं नाही. म्हणालो, "हात दे."

तिने उजवा हात पुढे केला. तळहात आता मोठा आहे, शिक्का पूर्ण बसला. वरती आंध्र प्रदेश, मधे डिस्पॅच, खाली तारीख. नऊ मार्च बरोबर फिरवली होती, पण वर्षाची पट्टी २०१४ च्या पुढे सरकत नाही.

तिने वाचलं आणि रडतारडता हसायला लागली. "बाबा, राज्य चुकलं. वर्सबी चुकलं."

"चालते," मी म्हणालो. चौतीस वर्षांत हा शब्द मी खिडकीत कुणापुढे उच्चारला नव्हता. "जावक झाली, एवढं पुरे. आता कवाबी ये. आवकले मी बसलो हाये."

दुरुस्तीशेजारी सही करायची असते, म्हणून वर्षाच्या बाजूला, तिच्या अंगठ्याच्या खाली, पेनाने छोटी सही केली.

मग ती रांगेत उभी राहिली. कागद दाखवून आत गेली. काचेतून लांबपर्यंत दिसत होती. डाव्या हाताने सामान ओढत होती आणि उजवा हात बोटं फाकवून हवेत धरला होता, शाई ओली होती म्हणून. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने मनकर्णाला विचारलं, "बेटी अब तक हाथ हिला रही है क्या?"

मनकर्णा म्हणाली, "हां."